टायगरला सवय लावताना

“माझं काही न्हाई हो ताई, ह्याचं करायचं हाय.”

दुकानाचा पडदा बाजूला सारून ती दर शनिवारी हे वाक्य म्हणायची. खुर्चीत दुसरी बाई बसलेली असो-नसो, आधी हे वाक्य, मग चपला काढणं. काखेत लांब कानांचं तपकिरी पिल्लू. माझं ब्यूटी पार्लर संगमनेरच्या एका गल्लीत, एका खुर्चीचं. पाटीवर ‘फक्त महिलांसाठी’ असं ठळक लिहिलेलं आहे, आणि हे माझं एकमेव पुरुष गिऱ्हाईक.

पहिल्यांदा आली तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. मी बायकांच्या भुवया करते, कुत्र्यांच्या नाही. तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं, पण दारातून हलली नाही.

“जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलंय. जवळपास कुत्र्यांचं करणारं कुनी न्हाई. केस काढायचं मशीन आन् ड्रायर तुमच्याकडं हाय,” ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, “न्हाई म्हनू नका, ताई. आत्याबाई पहिल्यांदाच जा म्हनल्यात.”

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई. तिचं सासर गावाबाहेर, हायवेला लागून. बंगला, मागे गोठा, म्हशी, दुधाचा धंदा. घर खाऊनपिऊन सुखी. तिला कुणी मारत नव्हतं, कुणी उपाशी ठेवत नव्हतं. फक्त सुना एकट्या फाटकाबाहेर जात नाहीत, अशी त्या घरची पद्धत. किराणा घरपोच, साड्या घरपोच, दवाखान्यात जायचं तर सासूबाई सोबत. पार्लरचं तर नावच काढायचं नाही. अशी घरं तुम्हीही पाहिली असतील. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हिला काय कमी आहे? मलाही तसंच वाटायचं.

पिल्लू धाकट्या दिरानं पुण्यात हौसेनं घेतलेलं. घरमालकानं कटकट केली तेव्हा गाडीत घालून इथं आणून सोडलं. जात स्पॅनिएल. सासऱ्यांनी नाव ठेवलं टायगर. पाणी प्यायला वाकला की तोंडाआधी कान भिजायचे, असा हा टायगर. त्याचं सगळं करणं अर्थातच सुनेच्या गळ्यात पडलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की या जातीचे केस वाढत राहतात, कानामागे जटा होतात, कान दमट राहिले की आतून चिघळतात. आता लस झाली आहे, पिल्लू घरात रुळलं आहे, तर आत्ताच सवय लावा. मोठं झाल्यावर अंगाला हात लावू देणार नाही. चिघळलेल्या कानाची दुर्गंधी घरात नको म्हणून सासूबाई राजी झाल्या.

मग दुधाचा टेम्पो तिला माझ्या दारात उतरवायचा आणि कॅन रिकामे करून परतताना हॉर्न द्यायचा. तेवढा वेळ तिचा.

मी पहिल्याच दिवशी ऐटीत कात्री बाहेर काढली. तिनं माझा हात धरला.

“कात्री आज न्हाई. आज नुसतं टेबलावर उभं करायचं.”

“आणि?”

“आन् उतरवायचं.”

मला वाटलं, हिला वेड लागलंय. पण ती घरी मोबाईलवर सगळं बघून आली होती. टेबलावर जुना टॉवेल पसरला, म्हणजे पाय घसरणार नाहीत. पिल्लू वर ठेवलं, पनीरचा एवढासा तुकडा दिला, कान उचलून बघितला, खाली ठेवलं. झालं. पुढच्या शनिवारी पंजे. एकेक पंजा हातात घ्यायचा, बोटांमध्ये आपलं बोट फिरवायचं, ओठ वर करून दात बघायचे, पुन्हा पनीर. रोज घरीही तेच, पण दोन-चार मिनिटंच. त्यानं कंटाळून सुटायची धडपड करायच्या आधी आपण थांबायचं. कंगवा आधी पाठीवर, मग छातीवर, आणि कानांच्या झालरीवर सगळ्यात शेवटी.

मी एकदा त्याचा पट्टा टेबलाच्या पायाला बांधायला गेले, तर ती एवढी मऊ बाई माझ्यावर कडाडली. “बांधायचं न्हाई! बांधलं की त्याला वाटतं, आता कायतरी वाईट व्हनार.”

अंघोळीला मी माझा महागातला शाम्पू मोठ्या मनानं पुढे केला. तो तिनं परत केला. माणसांचा चालत नाही म्हणे, कातडीला खाज सुटते. कुत्र्यांचा मिळाला तेव्हाच पहिली अंघोळ. पाणी कोमट, कानांत कापसाचे बोळे, आणि ड्रायर लांबून, कमी वाऱ्यावर. मशीनची गोष्ट तर आणखी लांबली. आधी बंद मशीन नुसतं हुंगायला दिलं. मग पडद्यामागे चालू केलं, मग टेबलाशेजारी, मग मशीनची मागची बाजू त्याच्या खांद्याला टेकवून नुसती थरथर कळू दिली. कितीतरी शनिवार त्यातच गेले. सोन्याच्या मोलाची गिऱ्हाइकं बाकावर बसून पिल्लाचं कौतुक बघायची. शेवटी तळव्यांखालचे आणि कानांच्या आतल्या बाजूचे केस काढले, तेव्हा टायगर पेंगत होता.

“पाठीला मशीन कधी लावायचं न्हाई बरं का,” ती दर वेळी सांगायची. “कापलं की परत तसं येत न्हाई. लोकरीसारखा कायतरी गुंताडा येतो.”

“तुला कुणी लावली गं सवय?” मी एकदा चेष्टेत विचारलं.

“मला टेबलावर चढवलं आन् थेट मशीनच लावलं,” ती म्हणाली, आणि इतकी हसली की टायगर दचकून उठला. मीही हसले. मग तिनं त्याला थोपटून परत झोपवलं.

तिचं माहेर राजूरचं. लग्नाआधी बाजारच्या दिवशी पिशवी घेऊन एकटी हिंडायची, भाव करायची, मैत्रिणींबरोबर डोंगरात करवंदं तोडायला जायची. “आता गेले तर मला रस्ता वलांडता यील का, काय म्हाईत,” हे ती टायगरचा कान विंचरता विंचरता सांगून गेली. तक्रार म्हणून नाही. आज भाजी काय केली ते सांगावं, तसं.

मला तिची फार माया वाटायला लागली होती. भुवया करू का, म्हटलं, तर घाबरली. घरी लगेच दिसेल. केस धुऊ का? ओले दिसतील. मग एका शनिवारी टायगरसाठी पाणी जास्त तापलं होतं. दुसऱ्या टबात थोडं काढलं आणि तिला म्हटलं, बस खुर्चीत, पाय घाल यात. साडीखाली पाय कोण बघतंय? ती बसली. मी तिची टाच हातात घेतली, तर तिनं झटकन पाय ओढून घेतला.

“सवय न्हाई ओ.”

“मग तुलाही आज नुसतं बसवायचं आणि उठवायचं का?”

ती हसली, आणि पाय परत माझ्या हातात दिला. टाचा भेगाळलेल्या होत्या. मी घासत होते आणि तिनं डोळे मिटले होते. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि टायगर तिच्या मांडीवर हनुवटी टेकून झोपला होता. टेम्पोचा हॉर्न वाजला तशी ती ताडकन उठली, ओल्या पायांनीच चपलांत शिरली आणि पळाली. त्या दिवशी मला पहिल्यांदा तिच्या घराचा राग आला.

उन्हाळा लागला आणि एका शनिवारी टेम्पो माझ्या दारावरून न थांबता गेला. पुढच्या शनिवारीही गेला. तिसऱ्या वेळी मीच रस्त्यात उभी राहिले. ड्रायव्हर म्हणाला, “आता वैनी कशाला यील? कुत्रं भादरलं की.”

झालं होतं असं. उन्हाळ्याच्या तोंडाशी म्हशी भादरायला माणूस येतो, तसा त्यांच्या गोठ्यावर आला होता. सगळ्या म्हशी उरकल्यावर सासरे मायेनंच म्हणाले, “ह्या बिचाऱ्यालाबी काढून टाक, किती उकडत आसंल.” ती तेव्हा आत भाकऱ्या थापत होती.

टायगरची नखं काढायच्या निमित्तानं मी बंगल्यावर गेले. सासूबाईंनी प्रेमानं बसवलं, सुनेला चहा टाकायला सांगितला. टायगर ओसरीवर आला. डोकं, पाठ, कान सगळं साफ, सोललेल्या बटाट्यासारखा. मी म्हटलं, अहो, पाठीचे केस आता पहिल्यासारखे येणार नाहीत.

“न्हाई आले तर बरंच की,” सासूबाई म्हणाल्या. “कटकट मिटली. नखांना तुमीच येत जा म्हयन्यातनं. हिला ते टेम्पोत हादरत जायला नको, यायला नको. लई वढाताण व्हायची तिची.” त्यांच्या बोलण्यात तिळभर कपट नव्हतं. खरोखर सुनेची काळजीच होती. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, ते तुम्हीच सांगा.

ती चहा घेऊन आली आणि दाराला टेकून उभी राहिली. सासूबाई कौतुकानं सांगत होत्या, “पन लई शाना निघाला. म्हशीला चार जनं धरावं लागत्यात. ह्यानं सगळ्या पाठीवरनं मशीन फिरलं तरी हूं का चूं केलं न्हाई. बांधावं बी लागलं न्हाई. गप हुबा ऱ्हायला.”

मी तिच्याकडे बघू शकले नाही. टायगरचा पंजा हातात घेतला, त्यानं तो आपणहून ढिला सोडला.

आता मी महिन्यातून एकदा जाते. सासूबाई माझ्यासमोर खुर्ची टाकून बसतात, गप्पा मारतात, नखं होईपर्यंत उठत नाहीत. ती आतून चहा आणते आणि आत जाते. तिच्याशी शेवटचं बोलणं झालं ते बंगल्यावरच्या त्या पहिल्या दिवशीच. सासूबाईंचा फोन वाजला म्हणून त्या अंगणात गेल्या होत्या. मी चपला घालत होते. ती माझा कप उचलायला वाकली.

“ताई,” ती म्हणाली, “त्याला आधी चावायला शिकवायला पायजे हुतं.”

आणि कप घेऊन आत गेली.