आडनाव बघून दिलेला धंदा

राजारामपुरीतल्या एका हाडांच्या दवाखान्यात मी अकरा वर्षं काउंटरवर बसले. वय झालं म्हणून डॉक्टर दवाखाना बंद करणार म्हणाले, तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. शिवणकाम येत होतं. ऑनलाइन काहीतरी विकावं असं मनात घेतलं आणि दोन गल्ल्या सोडून चालणाऱ्या एका क्लासला नाव घातलं.

शिकवणारे सर तिशीतले, बोलायला गोड. पहिल्या दिवशी म्हणाले, "सगळ्यांना सगळं विकायला जाऊ नका. एक नेमकं गिऱ्हाईक धरा, त्याची एक नेमकी नड शोधा. यालाच निश म्हणतात." मला ते पटलं. वहीत लिहूनही घेतलं.

दुसऱ्या दिवशी ते एकेकाला उभं करून निश वाटायला लागले. नाव-गाव विचारायचं आणि सांगून मोकळं व्हायचं. शेतकऱ्याच्या मुलाला तूप. पेठ वडगावच्या व्यापाऱ्याच्या सुनेला मसाले. माझं आडनाव ऐकून जरा थांबले.

"तुम्ही बौद्ध ना, ताई?"

"हो."

"मग तुमचं सोपंच आहे. चपला! वडिलांचा चामडं कापतानाचा फोटो टाका. लोकांना असली गोष्ट फार आवडते."

माझे वडील पन्हाळ्याला तालुका कचेरीत कारकून होते. आजोबा शेतमजूर. चपला करणं कसबाचं काम आहे, ज्याला येतं त्यानं ताठ मानेनं करावं. पण आमच्या घरात ते कुणालाच येत नाही. तसं सांगितलं, तर सर हसले. "गिऱ्हाईकाला काय कळतंय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "सर, काल नड शोधा म्हणालात. आज आडनाव शोधताय व्हय?"

वर्गात कुणी ब्र काढला नाही. सरांपेक्षा त्या गप्प बसलेल्यांचा मला जास्त राग आला. वही उचलली आणि निघाले.

दवाखाना बंद व्हायला अजून तीन महिने होते. शिवणकाम येतं तर कपड्यांतलीच नड शोधू, म्हणून रागातच मी येणाऱ्या प्रत्येक पेशंटला विचारायला लागले, आज कपडे कसे घातलेत? हात प्लॅस्टरमध्ये असला की पुरुष सदरा खांद्यावर टाकून यायचे. हाल बायकांचे. एका म्हातारीनं साडीवरचा नवाकोरा झंपर, बाही कात्रीनं फाडून, घातला होता.

"गाऊन घाला की, मावशी," मी म्हटलं.

ती उसळलीच. "जावयासमोर गाऊनवर बसू व्हय? मला न्हाय जमायचं!"

प्लॅस्टरच्या हातावर चढेल असा झंपर शोधत मी राजारामपुरीतली कापडाची दुकानं पालथी घातली. "आजारी माणसाला कशाला नवं कापड?" एकानं मलाच विचारलं. मोबाइलवर शोधलं, तर गाऊन होते, शर्ट होते. बाहीतून उघडणारा, साडीवर घालायचा झंपर मला कुठंच सापडला नाही. ही नड अकरा वर्षं माझ्यासमोर येऊन बसत होती आणि मला दिसली नव्हती. त्याचाही राग आलाच.

पहिल्या झंपराला वेल्क्रोची चिकटपट्टी लावली, तिनं साडीचे धागे ओढले. दुसऱ्याला खांद्यापासून बाहीच्या टोकापर्यंत टिचबटणं लावली. तो त्याच मावशींना घालून बघितला. "आता माणसात आल्यागत वाटतंय," त्या म्हणाल्या. त्यांच्या लेकीनं तिथल्या तिथं आणखी दोन शिवायला सांगितले.

मग झंपरांचे फोटो टाकायला ऑनलाइन पेज काढलं; आता त्यावर सोलापूर, बेळगाव, पुण्याहून मागणी येते. शेजारची बाई टिचबटणं लावते, मी कापते आणि शिवते.

मागच्या महिन्यात त्या क्लासच्या जाहिरातीत माझा फोटो दिसला, माझ्याच पेजवरून उचललेला. खाली लिहिलं होतं, 'आमची विद्यार्थिनी. उपेक्षित समाजातून यशाकडे.' मी हातातलं काम टाकून तिथं गेले. नवी बॅच बसली होती. सरांनी तोंड भरून स्वागत केलं. "या ताई, दोन शब्द बोला."

"मी इथं दोनच दिवस आलते," मी म्हणाले. "दुसऱ्या दिवशी उठून गेलते. का गेलते, तेही ऐका." मग चपलांपासून सगळं सांगितलं. सरांचा चेहरा पडला. "गैरसमज झाला," म्हणाले. माफी मागितली नाही. फोटो तेवढा तासाभरात निघाला.

जिन्यात एक बाई मागून आल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या. "मला पापड विकायला सांगितलंय," त्या म्हणाल्या, "आणि मला साधी पोळी नीट लाटता येत नाही."

बँकेच्या खिडकीवर लोक कशाला अडायचे, असं मी विचारलं. जिन्यातच उभं राहून त्या सांगत राहिल्या, आणि त्यांचाही आवाज चढत गेला.