आजाऱ्याचा मान पहिला

माझ्या मामाला सगळे ‘काढेवाले’ म्हणत. मामी तर त्याच्या तोंडावर म्हणायची, “यांच्यापुढे मुंगी जरी शिंकली, तरी हे चुलीवर पातेलं चढवतील.” मामा हसायचा. मेंढ्यांशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि शिकायची हौसही नव्हती.

गेल्या वर्षी निम्मी कोकरं हगवणीनं गेली, तेव्हा मामीनं बजावलं होतं, “यंदाही असंच झालं तर कळप विकायचा. मला आता हे बघवत नाही.” यंदा अकरा कोकरं आपापल्या आईनं टाकलेली होती. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत ती बाटलीच्या दुधावर वाढत होती. मी सुट्टी काढून मदतीला गेले, त्याच आठवड्यात एकाची शेपटी पिवळी आणि ओली दिसली.

मामानं लसूण ठेचला, डाळिंबाची साल उकळली, गाळून त्यात कोळशाची पूड घातली. संध्याकाळी दह्याचं पाणी. आजाऱ्यांनाही आणि धडधाकटांनाही, म्हणजे दुखणं लागायलाच नको. त्याचा एक नियम होता, आजाऱ्याचा मान पहिला. सगळ्यात मरगळलेलं कोकरू मांडीवर घ्यायचा, बोटानं जबडा उघडायचा आणि लाडीगोडी लावायचा, “घे गं बाई, कडू आहे, पण मामाच्या हातचं आहे.” मग बाटलीचं रबरी निपल सदऱ्याच्या टोकानं पुसून पुढच्याकडे. ठणठणीत कोकरं शेवटी. कौतुकानं मीही दोनतीनदा ते निपल पुसून दिलं. तेव्हा पाप माझ्याही पदरात आहे.

चार दिवसांत सहा गेली. मग जनावरांचे डॉक्टर आले. काढ्याचा वास घेऊन म्हणाले, “वाईट नाही हा. पण ही जंतूंची हगवण आहे काका, नुसत्या काढ्याला ऐकायची नाही. बाटल्या किती आहेत?”

“एकच. सकाळी उकळून घेतो की.”

“आणि आधी कोणाला पाजता?”

मामानं आपला नियम सांगितला, तोही अभिमानानं. डॉक्टरांनी बाटलीचं निपल उलटं करून पाहिलं.

“आधी निरोगी, मग आजारी, काका. आणि प्रत्येकाची बाटली वेगळी. तुम्ही एकाचं दुखणं उचलून दुसऱ्याच्या तोंडात घालत होतात.”

ते चिडले असते तर बरं झालं असतं. मामा कोणाशी तरी भांडला तरी असता.

इंजेक्शनं झाली, मीठसाखरेचं पाणी झालं, तरी आणखी चार गेली. उरली एक, काळ्या कानांची. तिला आम्ही बाईसाहेब म्हणायचो. डॉक्टर सांगून गेले होते, हात धुवा, नवी बाटली घ्या आणि खुशाल पाजा. मामानं सोड्यानं हात घासले, इतके की कातडी सोलवटली. पण तो काही खोलीत जाईना. मामीनं बाटली धरली, मी धरली. बाईसाहेबांनी दात आवळले ते आवळलेच. बाहेर मामा खोकला की मात्र दाराकडे धावून बें-बें करायची.

“तिला सांग, मी घरी नाही,” मामा भिंतीआडून म्हणाला.

माझा तोल गेला. “अरे, हात सोलून निघाले तुझे! आणखी किती धुणार?”

“तुला जंतू दिसतात का?”

“नाही.”

“मलाही दिसले नव्हते.”

मामीनं चमच्यानं दूध ओतून पाहिलं, पोटात गेलं त्याहून जास्त हनुवटीवरून ओघळलं. मामाला मी हाताला धरून ओढलं, तर तो लहान मुलासारखा रडायला लागला. मी हात सोडला. तो सोडायला नको होता.

तिसऱ्या सकाळी ती आडवी पडलेली सापडली. मामा दाराबाहेरच उभा होता.

“हगवण लागली होती ना तिला?”

मी शेपटी उचलून पाहिली. खाली सगळं कोरडं, स्वच्छ होतं. दुखणं तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, ती उपाशी मेली होती. हो म्हणावं तर ती त्याच्या बाटलीनं मेली, नाही म्हणावं तर त्याच्या भीतीनं.

“हो,” मी म्हणाले.

“मला वाटलंच,” तो म्हणाला. “मामीला सांग, कळपासाठी गिऱ्हाईक बघ.”