भरल्या ओटीनं आणलेलं पिल्लू

आमच्या सोसायटीत कुणी कुत्र्याचं पिल्लू आणायचं म्हटलं की मी एकच प्रश्न विचारते. पिल्लाची आई पाहिलीत का? जात कुठली, रंग कसा, लसी झाल्या का, हे सगळं नंतर. आधी आई. लिफ्टमध्ये अडवून विचारते, भाजीच्या गाडीपाशी विचारते. लोक एकमेकांकडे बघतात. एकीनं तर तोंडावर सांगितलं, "काकू, कुत्रा आणतोय, सून नाही." मी म्हटलं, सुनेला निदान बोलता येतं.

मला राग लवकर येतो आणि पारखल्याशिवाय मी काही घेत नाही, हे पनवेलच्या मासळीबाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. पापलेटाचे कल्ले उचलून पाहिल्याशिवाय मी भाव विचारत नाही. भेंडीचं टोक मोडून बघते, नारळ कानाशी हलवून बघते. भावासाठी मुली बघत होतो तेव्हा मी मुलीपेक्षा तिच्या आईशीच जास्त बोलायचे. खाण तशी माती, हे माझं ठाम मत. अशा बाईला कुणी फसवावं, आणि तेही हळदीकुंकवाचं बोट लावून, हे मला अजून पचलेलं नाही.

पिल्लू आणायचं ठरलं ते ह्यांच्यासाठी. ह्यांचा सगळा जन्म न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनर सोडवण्यात गेला. नोकरी संपली, पाठोपाठ हृदयाचं ऑपरेशन झालं, आणि माणूस गप्प झाला. रोज चालायला हवं असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हे सकाळी बूट घालायचे आणि बूट घालून गॅलरीत बसून राहायचे. हायवेवरचे ट्रेलर बघायचे. मी बोलायचे, ओरडायचे, एकदोनदा रडलेसुद्धा. मग एक दिवस खालच्या मजल्यावरचा लॅब्रॅडोर लिफ्टमध्ये ह्यांच्या गुडघ्याला डोकं टेकून उभा राहिला आणि हे हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. त्या हसण्यासाठी मी वाघसुद्धा घरी आणला असता.

कुणीतरी फोनवर पिल्लांचा फोटो आणि पत्ता पाठवला. सुकापूरच्या पुढे, नव्या टॉवरांची रांग संपते तिथं एक बंगला होता. गुलाबी रंग, काचेचं दार, पुढे तुळशीवृंदावन, त्यावर झेंडूची माळ. घरची बाई माझ्याच वयाची, अंगावर भरपूर सोनं, बोलणं लाघवी. "बसा ताई, चा घ्या आदी," म्हणाली. आम्ही चहा घेतला. पुढे जे झालं त्याची सुरुवात त्या चहापासून झाली असं मला वाटतं. कुणाच्या घरचा चहा घेतला की आपल्याकडे माणूस अर्धा बांधला जातो.

तेव्हा माझा पहिला प्रश्न जातीचाच होता. लॅब्रॅडोर आहे का? ती म्हणाली, "कंची जात पायजे ती सांगा, आमचेकरं सगली हायेत." सगळ्या जाती एका घरात, आणि तरी एकाही कुत्र्याचं भुंकणं ऐकू येत नव्हतं. मागच्या खोलीत टीव्ही तेवढा मोठ्यानं चालला होता. कुणी बघत असेल म्हणून मी डोकावले, तर खोली रिकामी. खुर्ची नाही, माणूस नाही, भिंतीवर टीव्ही, आणि त्यात कुणीतरी रडत होतं. ऐकू कमी येणारं कुणी म्हातारं माणूस असेल घरात, अशी मी माझी समजूत घातली. तिनं मात्र आम्हाला एकही प्रश्न विचारला नाही. घर केवढं, दिवसभर घरी कोण असतं, आधी कुत्रा पाळलाय का, काही नाही. फक्त सांगितलं की दुपारी वाशीची पार्टी येणार आहे, त्यांनाही हेच पिल्लू हवंय.

मग तिनं आतून पिल्लू आणलं. मादी होती, दोन महिन्यांची, लस दिलेली, असं ती म्हणाली. पिवळसर, मऊ, मुठीएवढं डोकं, कानाच्या वर तपकिरी डाग. अंगाला लहान बाळाच्या पावडरचा वास येत होता आणि त्या वासाखाली काहीतरी आंबट. जिथं ठेवलं तिथंच ती बसून राहिली. पळाली नाही, हुंगलं नाही, चप्पल धरली नाही. मी म्हटलं, किती शहाणी आहे. आता तो शब्द आठवला की मला माझ्याच तोंडावर मारावंसं वाटतं. एवढ्याशा जिवात शहाणपण कुठून येईल? ते आजारपण होतं.

ह्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि सावकाश विचारलं, "हिची आई कुठंय?"

कित्येक दिवसांत ह्यांनी कुणाला काही विचारलं असेल तर ते हेच. बाई हसली. म्हणाली, "दादा, लग्नान पोरीची आय मांडवान उभी रव्हते का? तुलशीला पानी घालीत पाठमोरी उभी रव्हते ना? आमचे घरची रीत हाय. लेक देताना आय दाखवाची नाय. ती बघली का पोरीचा पाय निंगत नाय."

आणि मी विरघळले. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना माझी आई कार्यालयाच्या मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत उभी होती. सगळ्यांच्या आया तशाच उभ्या राहायच्या. मला अंतरपाटामागून ती दिसत नव्हती, पण ती तिथं आहे हे मला माहीत होतं. त्या परक्या बाईनं नेमका तिथंच हात घातला. ह्यांनी पुन्हा तोंड उघडलं, तर मी डोळे वटारून त्यांना गप्प केलं. रीतभात कळत नाही पुरुषांना, असं मनात म्हटलं.

तेवढ्यात ती तबक घेऊन आलीच. माझ्या कपाळाला कुंकू लावलं, पिल्लाच्या कपाळाला बोट टेकवलं आणि मला ओढणी पसरायला सांगितली. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण आणि नारळ. "आमची लेक हाय ही," म्हणाली. "सांभाला." तिचे डोळे खरोखर पाणावले होते. ते पाणी खोटं होतं असं मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. भरल्या ओटीनं मागं फिरायचं नसतं. पैसे मोजून देताना मला आपण खरेदी करतोय असं वाटलंच नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती अशी.

घरी आल्यावर थोडे दिवस फार चांगले गेले. हे पहाटे उठायचे. बूट घालायचे आणि खरोखर खाली उतरायचे, पिल्लाला शर्टात धरून. तिला अजून चालवायचं नव्हतं, पण हे तिला बाग दाखवायचे. तिच्याशी बोलायचे. माझ्याशी नाही, तिच्याशी, पण घरात त्यांचा आवाज होता. नाव अजून ठेवलं नव्हतं. थाटात बारसं करू, असं हे म्हणाले होते. तोवर नुसतं बाळ म्हणायचो. बाळ माझ्या कुशीत शिरून ओढणीचं टोक तोंडात घ्यायचं, दोन्ही पंजांनी दाबायचं आणि चुटुचुटु ओढायचं. ओढणीतून काही येत नाही हे तिला कळायचंच नाही.

मग तिनं खाणं सोडलं. उलट्या, रक्ताचे जुलाब. डॉक्टरांनी तिला टेबलावर घेतलं, जबडा उघडून दात पाहिले. मग म्हणाले, "ही सांगितलेल्या वयाची नाही. हिला आईखालून ओढून काढलंय. लस बिस काही झालेली नाही." एवढंसं मनगटाएवढं पोट, त्याला सलाईन. मग त्यांनी मान वर करून साधेपणानं विचारलं, "तुम्ही आई पाहिली होती का?"

हे माझ्याकडे बघत होते. बोलले असते तर बरं झालं असतं.

ती वाचावी म्हणून मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. ती ह्यांच्या हातातच गेली, दवाखान्यातल्या बाकावर, दुपारच्या उन्हात. नावसुद्धा नव्हतं तिला हाक मारायला. घरी आल्यावर ह्यांनी बूट काढले आणि कपाटात ठेवून दिले. मला आजही दुपारी फरशीवर नखांचा आवाज येतो. मी ओट्यापाशी असले की मागं वळून बघते. मोरी असते, बादली असते.

ओटीतला नारळ तसाच होता. ओटीच्या नारळाचं गोड करून खातात. मला तो फोडवेना आणि टाकवेना. एक दिवस डोक्यात तिडीक गेली. तोच नारळ पिशवीत घातला, तीच ओढणी घेतली आणि रिक्षा करून सुकापूरच्या पुढे निघाले. तिचं तिला परत करायचं, एवढंच ठरवलं होतं.

फाटक उघडं होतं, दारात कुणाची तरी गाडी. पुढच्या खोलीत बोलणं चाललं होतं, म्हणून मी सरळ मागच्या बाजूला गेले. टीव्हीच्या आवाजाच्या पलीकडे. पत्र्याची शेड, तिच्यात एकावर एक पिंजरे. वास असा की डोळ्यांना पाणी आलं. कुत्री भुंकत होती, पण त्या भुंकण्याला आवाज उरला नव्हता, नुसती खरखर. एका पिंजऱ्यात पिवळसर लॅब्रॅडोर मादी जाळीवर उभी होती, कारण बसायला जागा नव्हती. आचळं लोंबलेली, पाठीचे मणके वर आलेले. कानाच्या वर तसाच तपकिरी डाग, आमच्या बाळाला होता तसा. मी जवळ गेले. ती मागं सरली नाही. जाळीतून नाक काढून तिनं माझ्या ओढणीचं टोक हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग माझ्याकडे न बघता ती माझ्या पायांपाशी, माझ्या मागं, शेडच्या दाराकडे बघू लागली. शेपटी अगदी थोडी हलत होती. मी वळून पाहिलं, तिथं कुणी नव्हतं.

मी पुढच्या खोलीत गेले. एक तरुण जोडपं होतं. नवऱ्याच्या मांडीवर कुंकू लावलेलं पिल्लू, गप्प बसलेलं, शहाणं. मुलीनं पदर पसरला होता, नारळ पदरात पडला होता आणि बाई म्हणत होती, "आमची लेक हाय ही."

त्या मुलीच्या पदरातला नारळ मी उचलला. म्हटलं, "आई मागे शेडमध्ये आहे. आधी तिला बघून ये." बाईचा चेहरा उतरला नाही. ती शांतपणे म्हणाली, "भरलेली ओटी रिकामी करताव, ताई? बाईमानूस हाव ना तुमी?"

मुलगी पांढरीफटक पडली. ती मागे गेली नाही. तांदूळ फरशीवर सांडले, तिनं नवऱ्याचा हात धरला, पिल्लू सोफ्यावर ठेवलं आणि दोघं निघून गेली. ती घाबरली होती, पण त्या बाईला नव्हे, मला. बाईनं पिल्लू उचललं आणि आत नेलं. मी ते तिच्या हातून हिसकावून घेतलं नाही. विकत घेतलं असतं तर तिचाच धंदा वाढला असता, असं मी स्वतःला सांगते. नंतर मी पोलिसांत तक्रार केली, माणसं आली, पाहून गेली. आता फाटकाला कुलूप असतं. मी रिक्षा थांबवून ऐकलंय, आत टीव्ही चालू असतो.

त्या दिवशी घरी आले तेव्हा हे गॅलरीत होते. माझ्या हातात आता दोन नारळ होते, एक परत करायचा राहिलेला आणि एक उचलून आणलेला. ह्यांनी नारळांकडे पाहिलं आणि विचारलं, "आई दिसली?"

"दिसली," मी म्हटलं. मग सगळं सांगितलं. ओढणी हुंगल्याचं सांगितलं, आणि ती सारखी माझ्या मागं दाराकडे बघत होती तेही. म्हटलं, "काय बघत होती कुणास ठाऊक."

ह्यांनी माझ्या ओढणीचं टोक हातात घेतलं. मग म्हणाले, "अगं, तिला वाटलं असेल, तू बाळाला परत आणलंस."