परेड ग्राउंडवर मांडव

आमच्या सैनिकी शाळेत सगळ्यात कडक सॅल्यूट मला पडतो. सुभेदारसाहेबांना तसला पडत नाय, चेअरमनला तर नायच नाय. मला! आता खरं सांगतो. मी गेटवरचा वॉचमन. पण माझी मिशी झुपकेदार आन् सुभेदारसाहेबांचं तोंड गुळगुळीत, म्हणून नवा पालक गाडीतून उतरला की माझ्यासमोरच टाचा जुळवतो. शिक्षण माझं सातवी, ती बी परीक्षेच्या आधीपर्यंत. पण मिशीला कुणी मार्कशीट विचारत नाय.

दरसाल उन्हाळी शिबिर संपलं की पोरांच्या मागं काय राहतं? एका पायाचे मोजे, टोपण नसलेल्या बाटल्या आन् किस्से. मोजे-बाटल्या भंगारवाला नेतो. किस्से कुणी नेत नाय. ते माझ्याच डोक्यात साठतात, आन् डोकं तर आधीच उठलेलं!

*

लासूर स्टेशनचे एक अडते पोराला शिबिराला सोडायला आले. मला बघितलं आन् ठोकला सॅल्यूट. आता समोरून एवढा आग्रह असल्यावर मी तरी काय करू?

"पोट आत!" मी ओरडलो.

त्यांनी घेतलं.

"आणखी!"

"साहेब, आता आत जागा नाय."

मग मी त्यांना 'पीछे मुड' केलं, 'तेज चल' केलं. गडी निघाला हात हलवत! तेवढ्यात कुणीतरी मला चहा दिला आन् मी 'थम' म्हणायचंच विसरलो. सुभेदारसाहेब ऑफिसातून बाहेर आले.

"रस्त्यानं ते कोण चाललंय रे?"

"पालक, साहेब."

"आन् पोरगं?"

"पोरगं इथंच हाय. पालक पळाला."

साहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे, थम म्हण गाढवा! वेरूळला पोचंल तो!"

*

आता सुभेदारसाहेबांना पालकाची एवढी काळजी का, ते सांगायला पाहिजे. आमच्या चेअरमननं निक्षून सांगितलेलं, "यंदा जूनमध्ये वसतिगृहाची एक बी खाट रिकामी राहिली तर शाळा बंद. मंगल कार्यालय करतो. ग्राउंड हाय, पार्किंग हाय, बोअरला पाणी हाय. आणखी काय लागतं लग्नाला?"

साहेब फौजेतून रिटायर होऊन ही शाळा चालवतात, त्यांच्या बाईसाहेब वारलेल्या. शाळेतली एक खोली हेच घर. पोरगा पुण्याला फ्लॅटमध्ये बोलावतो, तर साहेब म्हणतात, "तिथं सकाळी उठून सावधान कुणाला म्हणू? लिफ्टला?"

म्हणून यंदाच्या मे महिन्यातल्या शिबिरावर सगळी मदार. पोरं पंधरा दिवस येणार, पालक खूश होणार आन् जूनमध्ये कायमचं ॲडमिशन घेणार, असा साहेबांचा हिशेब. त्यामुळं पालक म्हणजे देव! आन् देवांनी काय छळ मांडला, विचारू नका.

चेअरमनला तर जूनपर्यंत बी दम नव्हता. शिबिराच्या पहिल्याच परेडला अन्वरभाई मांडववाल्याला घेऊन आला, माप घ्यायला. पोरं सावधानमध्ये उभी, साहेब समोर ताठ, आन् मधून अन्वरभाई टेप ओढत चाललाय.

"हिलो मत!" साहेब पोरांवर गरजले. तर अन्वरभाईच जागेवर थिजला. जरा वेळानं हळूच म्हणतो, "साब, ये छोरों को जरा बाजू लेव ना. स्टेज इदरीच आता."

*

शिबिरात घरचं खायला आणायला बंदी. ट्रंका गेटवर मी तपासतो. पिशोरची एक बाई पोराला घेऊन आली. ट्रंक साफ. उशी दाबली तर टणक.

"बाई, उशी लई कडक हाय."

"डाक्टरनं सांगितली. मानेसाठी."

डाक्टर म्हणल्यावर मी काय बोलणार? सोडली. दोन दिवसांनी साहेबांच्या सकाळच्या तपासणीला ते पोरगं खाटंपाशी सावधानमध्ये उभं, पण सारखं वळवळतंय. पोरं साहेबांना उस्ताद म्हणतात.

"उस्ताद, मुंग्या!"

"दुश्मनाला घाबरायचं नाय!"

"उस्ताद, दुश्मन चड्डीत गेला!"

मग साहेबांनी उशी फाडली. कापसाचं नाव नाय. शेंगदाण्याचे लाडू, खचाखच! साहेबांनी लगेच बाईला फोन लावला, आवाज मोठा करून. म्हणले, आता बघ कशी शिस्त लावतो.

"ताई, पोराच्या उशीत लाडू सापडले."

"आगं बाई! अजून हायत? दोन दिवसांत एक बी खाल्ला नाय त्यानं? आजारी पडलं का काय लेकरू? थांबा, न्यायलाच येते."

झालं! साहेबांना डोळ्यापुढं रिकामी खाट दिसली, खाटेमागं मांडव दिसला. "नका येऊ ताई, खातोय, आता खातोय!" फोन हातात धरूनच साहेबांनी ऑर्डर सोडली, "जवान, लाडू खा!"

एवढी नोकरी केली, पण अशी ऑर्डर मी पहिल्यांदा ऐकली. पोरानं पाळली बी लई कडक.

*

पालकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप असतो. ज्यानं कुणी ही गोष्ट काढली त्याला मी शोधतोय. रोज सकाळी फोटो पाहिजे. फोटो टाकला की, "माझा सोनू कोपऱ्यात का?" "त्याला टोपी द्या." "दूध पिला का? मिशी दिसत नाही दुधाची." साहेब वैतागले आन् फोटोचं काम माझ्या गळ्यात मारलं. मी त्यांच्यापेक्षा जास्त वैतागलो. म्हणलं कोण रोज उन्हात पोरं गोळा करतंय? मागल्या साली काढलेले परेडचे फोटो मोबाईलमध्ये पडूनच होते. दिले टाकून, रोज एक.

काय कौतुक झालं म्हणता! "वा, काय शिस्त आलीये!" "चेहऱ्यावर तेज दिसतंय." एका बाईनं लिहिलं, "माझं बाळ उंच झालं." बाळ त्या फोटोत नव्हतंच!

साहेबांना सांगितलं तर त्यांनी आधी ऑफिसचं दार लावलं. "अरे, कुणाला कळलं तर?"

कळलं. ग्रुपमध्ये मागल्या सालचा एक पालक राहून गेला होता. त्याचा फोन आला, "साहेब, आमचं पोरगं इथं माझ्याशेजारी घोरतंय. तुमच्याकडं परेडला कोण उभंय?"

*

शिबिराच्या शेवटच्या दिवशी पालकांना बोलावून पोरांची कसरत दाखवतात. लाकडी भिंत चढायची, पलीकडं उडी मारायची. पोरं झरझर चढली. तेवढ्यात एका बापाच्या अंगात आलं. "आमच्या टायमाला आम्ही अशा भिंती पळत चढायचो!" मोबाईल बायकोकडं दिला, म्हणला व्हिडिओ काढ.

चढला, खोटं कशाला बोलू? चढला आन् वर घोड्यावर बसल्यासारखा बसला. एक पाय इकडं, एक पाय तिकडं. ना पुढं, ना मागं. तोंड पांढरं. खालून त्याचंच पोरगं हुबेहूब साहेबांच्या आवाजात ओरडतंय, "खाली बघू नको जवान! आईची आठवण काढू नको!"

साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं जसं काय मीच त्याला वर बसवला. शिडी आमच्याकडं नव्हती. होती अन्वरभाईकडं, तो कनातीचं माप घ्यायला परत आलेला. त्यानं शिडी लावली आन् वर बघून लई अदबीनं विचारलं, "साब, उतरते क्या, या उपरीच झालर बांधूं?"

*

मग जून लागला. सुभेदारसाहेबांनी फोन करकरून, लाडू खाऊ घालून, नको त्याला साहेब-साहेब म्हणून खाटा भरत आणल्या. सगळ्या भरल्या, एक सोडून. चेअरमनला सांगितलं, "एकच राहिली." तो म्हणला, "एक बी राहायला नको, असं ठरलंय." आन् ॲडमिशनच्या शेवटच्या दिवशी खुशाल ग्राउंडच्या कडेला अन्वरभाईकडून मांडवाचे खड्डे खोदायला घेतले. साहेब व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. पहार आपटली की त्यांचे डोळे मिटायचे. मी बी त्या दिवशी कुणाची थट्टा केली नाय.

दुपारी गेटवर स्कूटर थांबली. उस्मानपुऱ्याची बाई, शिबिराला पोरगा होता त्यांचा. मागच्या सीटवर नवरा, मोबाईलमध्ये मान घातलेला. बाई तडक साहेबांपुढं.

"साहेब, माझ्या मुलाचं काय केलंत तुम्ही?"

साहेब उठून उभे राहिले. "काय झालं ताई?"

"पाचला शिट्टी वाजवतो. सगळ्यांच्या गाद्या घड्या घालायला लावतो. आपलं ताट घासतो, आजोबांचंही घासतो. शेजारीपाजारी बघायला येतात!"

"मग तक्रार काय हाय?"

"तक्रार कसली? मला ॲडमिशन पाहिजे."

तिकडं अन्वरभाईची पहार हवेतच थांबली. चेअरमनचं तोंड उघडं. साहेबांनी टोपी डोक्यावर घातली, सरळ केली. मी गेट सताड उघडलं, ट्रंक आत घ्यायला. ट्रंक दिसेना. पोरगं बी दिसेना.

"मुलगा कुठंय, ताई?"

"घरी. त्याला नाही पाठवायचं, तो आता घरात उपयोगाचा झालाय." बाईंनी मागं बोट केलं. "यांना घ्या."

नवऱ्यानं मोबाईलमधून मान वर काढली. बनियनवर नुसता शर्ट अडकवून आलेला, बटणं अजून लावायची होती.

साहेबांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. "अहो ताई, आम्ही फक्त पोरं घेतो."

"मग घ्या ना! लग्न ठरवताना सासूबाई हेच म्हणाल्या होत्या, 'पोरगंच आहे हो अजून, सुधरेल.'"