मास्तरांची मुकी गाडी

ड्रायव्हिंग स्कूलची जुनी गाडी मोडीत निघाली आणि तिच्या जागी नवी आली, तेव्हापासून मास्तरांचं बिनसलं. नवी गाडी लहानशी, पांढरी, स्वभावाने मवाळ. स्कूलची मालकीण तिच्यावर खूश, शिकायला येणारे खूश. मास्तर मात्र पहिल्याच फेरीहून परत आले ते तोंड वाकडं करून. किल्ली टेबलावर टाकत म्हणाले, गाडी मुकी आहे.

गाडी मुकी वगैरे काही नव्हती. मास्तरांचे कान गेले होते. पुरते नव्हते गेले, पण पंगतीतून उठायच्या बेतात होते. घरात टीव्हीचा आवाज वाढत चालला होता आणि फोनवर बोलताना मास्तर आपणच बोलत राहत, म्हणजे पलीकडच्याला बोलू द्यायचा प्रश्नच नको. हे सगळं त्यांच्या मनाच्या एका कोपऱ्याला चांगलं ठाऊक होतं. उरलेलं मन त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसलं होतं. माणसं असं का करतात ते विचारू नये. दात हलला तर सगळ्या घराला सांगतात, चष्म्याचा नंबर वाढला तर कौतुकाने सांगतात, पण कानाचं नाव काढलं की जणू अब्रूचा प्रश्न.

मास्तरांच्या बाबतीत तो अब्रूचा नव्हे, पोटापाण्याहूनही मोठा प्रश्न होता. त्यांची सगळी विद्या कानात होती. गिअर कधी बदलायचा हे ते काट्यावरून शिकवत नसत, आवाजावरून शिकवत. शेजारच्या सीटवर बसून ते इंजिनाबरोबर गुणगुणायचे. गाडी हलली की खालच्या पट्टीत "हूंऽ", मग वर, आणखी वर, आणि सूर तापला की शांतपणे म्हणायचे, "आता बदला." मग गुणगुणणं पुन्हा खाली. शिकणारे आधी हसत, मग आपणही गुणगुणू लागत. शहरात आज निम्मी माणसं चौकातून गाडी काढताना तोंडातल्या तोंडात हुंकारत असतात, ती सगळी मास्तरांची.

नव्या गाडीत त्यांचा हुंकार एकीकडे आणि इंजिन दुसरीकडे जाऊ लागलं. एका शिकाऊ पोराने तर सांगितलंच, मास्तर, तुम्ही चौथ्यात आहात, गाडी अजून दुसऱ्यात आहे. मास्तर हसले, पण ते हसू घरापर्यंत पुरलं नाही.

तेव्हा त्यांनी उपाय शोधला. कानाच्या डॉक्टरकडे जाण्याचा सोडून, जगात जो कुणाला सुचणार नाही असा.

गाड्यांचं सजावटीचं सामान विकणाऱ्या एका दुकानात ते गेले. तिथे भिंतीवर रंगीत स्टिअरिंगची कव्हरं टांगलेली आणि काउंटरला टेकून कोवळ्या मिशांची मुलं उभी. मास्तरांनी हवा ओढायचा उघडा फिल्टर मागितला. म्हणजे असं की, गाडीचं इंजिन श्वास घेतं ते एका बंद डब्यातून. डब्यात कागदी फिल्टर असतो, आणि डब्यामुळे त्या श्वासाचा आवाज दबतो. तो डबा काढून तिथे एक धातूची नळी आणि तिच्या टोकाला उघडा, शंकूसारखा फिल्टर बसवला, की गाडी तोंड उघडं टाकून घोरणाऱ्या माणसासारखी आवाज करते. मुलं हे हौसेने करून घेतात. दुकानदाराने मास्तरांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि विचारलं, "मुलासाठी का, काका?" मास्तर म्हणाले, हो. मास्तरांना मुलगा नाही, एक मुलगी आहे आणि ती बँकेत आहे.

स्कूलला सुट्टी असते त्या दिवशी त्यांनी गाडी घरासमोर आणून लावली. आधी बॅटरीची एक वायर सोडवली. मग डब्यात शिरणाऱ्या हवेचं माप घेणारा सेन्सर, त्याचा प्लग हलकेच दाबून काढला. जोर केला की त्याची प्लॅस्टिकची जीभ तुटते. रबरी नळीचे पट्टे सैल केले आणि डबा वर ओढला. तो रबराच्या गुट्ट्यांत घट्ट रुतलेला होता, दोनदा हलवला तेव्हा निघाला. निघाला तो तळाशी चार वाळकी पानं आणि एक मेलेला भुंगा घेऊन. सेन्सर त्यांनी जुन्या डब्यातून काढून नव्या नळीत बसवला, स्क्रू हाताने लावून मग पान्याने जेमतेम आवळला. नळी इंजिनाला जोडली, तिची आधाराची पट्टी बॉनेटखालच्या बोल्टवर बसवली, शंकू चढवला, पट्टे आवळले. हाताने सगळं हलवून पाहिलं. काम मात्र देखणं झालं होतं. माणूस वेडेपणा करतानाही नीटनेटका असू शकतो.

बायको कपडे वाळत घालता घालता हे बघत होती. ती म्हणाली, घरातला नळ तीन महिने गळतोय, त्याला कधी असा पाना लागला नाही. मास्तरांना ऐकू आलं नाही. तिला वाटलं, नेहमीसारखं ऐकून सोडून दिलं. तिच्या मते नवरा नावाच्या प्राण्याचा तो गुणधर्मच होता आणि त्यावर ती गेली काही वर्षं मनापासून भांडत होती.

मास्तरांनी गाडी सुरू केली, पाय थोडा दाबला, आणि बॉनेटखालून असा घुमारा उठला की समोरच्या बाल्कनीतल्या बाई आत गेल्या. मास्तरांच्या चेहऱ्यावर मात्र हरवलेलं माणूस स्टेशनावर भेटल्यासारखा आनंद पसरला. ऐकू येत होतं. खालची पट्टी, मधली, वरची, सगळं जागच्या जागी. मास्तर तिथेच बसून बराच वेळ हुंकारत राहिले.

मालकिणीने विचारलंच, गाडीला खोकला झालाय का? ही मालकीण म्हणजे मास्तरांचीच जुनी विद्यार्थिनी, तिशीत घटस्फोट घेऊन स्वतःच्या हिमतीवर स्कूल उभं केलेली. तिला फसवणं सोपं नव्हतं, पण त्या दिवशी तिच्यासमोर परवान्याच्या अर्जांचा ढीग होता. मास्तर म्हणाले, फिल्टर बदललाय, इंजिन मोकळा श्वास घेतं. हे खोटं नव्हतं, म्हणून ते सहज बोलता आलं.

पुढचे काही आठवडे मास्तर खुशीत होते. त्या वेळी त्यांच्याकडे एक शिवणकाम करणाऱ्या बाई शिकत होत्या. पन्नाशीच्या, अंगाने थोराड, आवाजाने अगदी हळू. गिऱ्हाइकांचे कपडे पोचवायला रिक्षावाल्यांच्या विनवण्या करून कंटाळल्या होत्या. घरातून टोमणे होतेच, की आता या वयात काय हातपाय मोडून घ्यायचे. पण बाईंना मशीनच्या आवाजाची सवय. सुई बोथट झाली की त्यांना कापड बघायच्या आधी कळे. त्यामुळे मास्तरांचा हुंकार त्यांनी पहिल्याच दिवशी उचलला आणि दोघं गाडीत भजन चालल्यासारखे गुणगुणत शहर फिरू लागले.

फक्त एक गोष्ट बाईंना खुपत होती. मास्तरांना काही विचारलं तर ते उत्तरच देत नसत. समोर बघत हुंकारत राहत. बाईंनी मनाशी ठरवलं, आपला प्रश्न मूर्खपणाचा असणार. मग त्या विचारेनाशा झाल्या.

रिव्हर्स शिकायचा दिवस आला. बाईंच्या दुकानामागच्या बोळातून गाडी मागे काढायची होती. मास्तरांनी एकदा मान वळवून मागे पाहिलं. बोळ मोकळा होता. मग आरशात बघत ते म्हणाले, या, या, हळूहळू या. गाडी घुमत मागे सरकू लागली. आरशात बोळ तसाच मोकळा. "या, अजून या," मास्तर म्हणाले, आणि बाईंनी कचकन ब्रेक दाबला. मास्तरांचं कपाळ समोर आपटता आपटता राहिलं.

"कुणी सांगितलं ब्रेक मारायला? मी या म्हणत होतो ना?"

बाईंनी बोट मागे दाखवलं.

मास्तर उतरले. डिकीच्या मागे, अगदी चाकाशी, एक म्हातारा उकिडवा बसला होता. त्याची पिशवी फाटून कांदे रस्त्यावर गडगडले होते, ते तो गोळा करत होता. खाली बसलेला, म्हणून आरशात दिसला नव्हता. त्याने हाका मारल्या होत्या, मग डिकीवर थापा मारल्या होत्या. अजून त्याचा हात डिकीवर तसाच टेकलेला होता.

म्हाताऱ्याने तोंड सोडलं. कान फुटलेत का, अशी सुरुवात करून त्याने मास्तरांच्या सात पिढ्यांचा समाचार घेतला. मास्तरांनी खाली बसून कांदे वेचले, चाकाखाली गेलेला एक कांदा हात घालून काढला, आपली कापडी पिशवी त्याला दिली आणि बोळाच्या तोंडापर्यंत सोबत गेले.

परत येऊन त्यांनी बाईंना गाडी बंद करायला सांगितली. सगळं शांत झाल्यावर विचारलं, "तुम्हाला थापा ऐकू आल्या?"

"थापा नंतर. आधी हाका आल्या," बाई म्हणाल्या. "मी तुम्हाला विचारलं, कुणीतरी ओरडतंय, थांबू का? दोनदा विचारलं. तुम्ही या म्हणालात." मग जरा थांबून, "मास्तर, गाडीचा आवाज फार मोठा आहे हो. त्याच्यापुढे माणसाचं काही चालत नाही."

त्या दिवशी मास्तरांनी बाईंना दुकानाशी सोडलं आणि गाडी घरी आणली. शंकू काढला, नळी काढली, जुना डबा पुसून पुन्हा रबरात बसवला. सेन्सर जागच्या जागी, प्लग टक्कन. मग गाडी सुरू केली, आणि ती सुरू आहे की नाही हे कळायला त्यांना बॉनेटवर हात ठेवावा लागला.

बायको दारात उभी होती. मास्तर तसेच पाना हातात घेऊन तिच्याकडे वळले आणि सांगून टाकलं. ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले. ती सांत्वन करील अशी त्यांची कल्पना असावी. बायकोचा संताप झाला.

"म्हणजे तुम्ही ऐकून सोडून देत नव्हता? तुम्हाला ऐकूच येत नव्हतं?" ती म्हणाली. "मग मी इतकी वर्षं भांडले ते कुणाशी, भिंतीशी?" आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली. थोड्या वेळाने चहा आणला तो आदळूनच ठेवला, पण कप त्यांच्या हाताशी ठेवला आणि स्वतः त्यांच्या समोर, तोंड दिसेल अशी बसली.

मालकिणीला सांगणं जास्त कठीण गेलं. तिने पेन खाली ठेवलं आणि शेवटपर्यंत ऐकलं. म्हातारा, कांदे, फिल्टर, सगळं. रागावली नाही. पण ती धंदा करणारी बाई, तिने गोड बोलून विषय टाळलाही नाही. म्हणाली, कानाची तपासणी करा. रिपोर्ट ठीक आला तर तुमची सीट तुमचीच. नाही आला तर कानाला मशीन लावा, सवय होऊ द्या, आणि तोवर गाडीत बसायचं नाही. ऑफिसात बसून सिग्नल आणि नियम शिकवा. "तुम्हीच मला शिकवलंत, मास्तर. तुम्हाला काढायची माझी छाती नाही. पण त्या सीटवर तुम्हाला असं बसवायचीही नाही."

मास्तरांना ऑफिसात बसायचं नव्हतं. खुर्चीवर बसून खडूने बाण काढणाऱ्या माणसाला गाडी शिकवणारा म्हणतात, हेच त्यांना मान्य नव्हतं. तपासणीला ते गेले ते परीक्षेला गेल्यासारखे. मुलगी रजा काढून सोबत आली होती, ती बाहेर थांबली.

आतली खोली कपाटाएवढी. भिंतींना जाड मऊ अस्तर, एक स्टूल, कानांवर दाबून बसणारे हेडफोन, हातात एक बटण. तपासणारी मुलगी काचेपलीकडे यंत्राशी बसली. तिने सांगितलं, बारीक सूर येतील, कितीही हळू असला तरी ऐकू आला की बटण दाबायचं.

पहिले काही सूर मास्तरांना आले. इंजिनाच्या खालच्या पट्टीसारखे, ओळखीचे. त्यांनी बटण दाबलं. मग काहीच येईना. त्यांनी काचेतून पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की सूर सोडताना त्या मुलीचा उजवा खांदा किंचित खाली जातो. तेवढं बघत बसलं तर प्रत्येक वेळी बरोबर दाबता आलं असतं. एकदा खांदा हलला आणि मास्तरांचा अंगठा आपसूक दबला. मुलीने मान डोलावून नोंद केली.

मास्तरांनी तिला हाताने थांबवलं. दार उघडून सांगितलं, शेवटचं दाबलं ते खोटं होतं, ते खोडा. आणि परत येऊन स्टूल फिरवून काचेकडे पाठ करून बसले. हेडफोन चढवले, समोर अस्तराची भिंत, बटण मुठीत. मुलगी पलीकडे सूर सोडत असणार. मास्तर कान देऊन बसून राहिले आणि अंगठा जागचा हलू दिला नाही.