दशांशाचा भाऊ

माझ्या थोरल्या भावाला सगळं गाव दशांश म्हणायचं. "आज फार उकडतंय हो," असं कुणी सहज म्हणालं, की दादा जागच्या जागी थांबून सांगायचा, "एकोणचाळीस दशांश सहा." समोरचा हसायचा. यात हसण्यासारखं काय आहे, ते दादाला कधीच कळलं नाही.

तो पाणीपुरवठ्याच्या पंपघरात नोकरीला होता. पंपघराच्या आवारात चार पायांवर उभी असलेली एक पांढरी लाकडी पेटी होती, फटीफटींच्या भिंतींची, आणि आत तापमापक. रोज दुपारी अडीचला दादा पेटी उघडायचा, श्वास रोखून आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि सही करायचा. श्वास का रोखायचा, तर तोंडाची वाफ लागून पारा हलायला नको. एकतीस वर्षं त्याने हे केलं. असल्या माणसाच्या पाठीवर जन्माला येणं म्हणजे काय, ते मला विचारा. मी डांबर ओतणाऱ्या टोळीचा मुकादम. आमचं सगळं अंदाजपंचे.

सोळा वर्षांपूर्वी वहिनी दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती. दादा तिच्या उशापासून हलायला तयार नव्हता. त्याने पेटीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "अडीचला जा. नाही जमलं तर सरळ सांग, मी रेघ मारीन. पण बघितल्याशिवाय आकडा सांगू नकोस." मी मान डोलावली आणि पहिल्याच दिवशी गेलो नाही. काम गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. शिवाय ऊन किती आहे हे बघायला उन्हातून तंगडतोड करायची, हा शहाणपणा माझ्या डोक्यात शिरत नव्हता. संध्याकाळी दादाने विचारलं, तेव्हा मी ठोकून दिलं, "अडतीस." दुसऱ्या दिवशी साडेअडतीस. असे अकरा दिवस. बाराव्या दिवशी वहिनी गेली. पुढे दादाने ते अकरा आकडे वहीत चढवले आणि प्रत्येकापुढे सही केली.

मी तर ते विसरूनही गेलो होतो. मग दोन वर्षांपूर्वी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नगरपालिकेपुढे मागणी ठेवली, की पारा बेचाळीसच्या वर गेला की बारा ते चार रस्त्याची कामं बंद ठेवायची. ऊन वर्षागणिक वाढतंय, असं त्यांचं म्हणणं, आणि पुरावा म्हणून दादाच्या वह्या. आमच्या ठेकेदाराने लगेच टोळीला बजावलं, "चार तास काम बंद, तर चार तासांची मजुरीही बंद." माझं डोकं सणकलं. सभेच्या आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर मी ठेकेदाराच्या देखत बोलून गेलो, "त्या वह्यांचं कौतुक मला सांगू नका. वहिनी गेली तेव्हा दादा अकरा दिवस दवाखान्यातच होता, तरी वही भरलेली आहे." ठेकेदाराने कप खाली ठेवला. माझ्या जिभेला हाड नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी ते बाहेरच्यांनाही कळलं.

सभेला सभागृह खच्चून भरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी भिंतीवर मोठा कागद लावला, त्यावर एकतीस वर्षांची चढत गेलेली रेघ. किराणा दुकानदार उठून म्हणाला, आमच्या आजोबांनाही घाम यायचा, तेव्हा कुणी रेघा काढल्या नाहीत. दुसरा म्हणाला, शास्त्रज्ञांचंच आपसात पटत नाही, तर आम्ही कुणाचं ऐकायचं? तिसऱ्याने विचारलं, "बाई, तुम्ही गाडीतून आलात ना? गाडीत गारवा होता ना? आधी तो बंद करा, मग आम्हाला शिकवा." सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसलो.

"हो, त्यात माझाही दोष आहे," बाई म्हणाल्या. "पण म्हणून ऊन खोटं ठरत नाही." हे ऐकायला कुणी थांबलंच नव्हतं. माझ्या शेजारी आमचा रोलरवाला बसला होता. वीस वर्षांची आमची दोस्ती, एका डब्यात जेवणारे आम्ही. तो हळूच म्हणाला, "मुकादम, गाडी कुणाची का असेना, रोलरच्या सीटवर बूड माझं भाजतं." मी त्याला कोपर मारून गप्प केलं.

मग ठेकेदार उठला. वहीचं ते पान उघडून त्याने दादासमोर धरलं. "हे अकरा आकडे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत?"

दादा उभा राहिला. त्याने पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. "नाही."

"मग कुणी पाहिले?"

दादा म्हणाला, "सही माझी आहे. जबाबदारी माझी."

मला एवढंच म्हणायचं होतं, की थांबा, ते माझं खोटं आहे, बाकी प्रत्येक आकडा त्याने श्वास रोखून वाचलेला आहे. एका वाक्याचं काम. मी तोंडात मूग गिळून बसलो. "अकरा खोटे, तर बाकीचे कशावरून खरे?" असं ठेकेदाराने विचारलं आणि सभागृहात एकच गलका झाला. ते अकरा दिवस काढून टाकले तरी रेघ तशीच चढते, हे बाई ओरडून सांगत होत्या. मागणी फेटाळली गेली. आठवड्याभरात दादाकडून किल्ली काढून घेतली आणि पेटीला कायमचं कुलूप लागलं. दादा मला एका शब्दाने बोलला नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्याच उन्हाळ्यात दुपारी दोनच्या सुमाराला रोलर सरळ जाता जाता वाकडा झाला आणि कडेच्या खडीच्या ढिगात घुसला. मी शिव्या देत धावलो. रोलरवाला सीटवरच मान टाकून बसला होता. अंगाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं, आणि घामाचा टिपूस नाही. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तिसऱ्या दिवशी ठेकेदाराने चौकशीचा कागद माझ्यापुढे सरकवला. मुकादमाने भरायचा होता. त्यात एक रकाना होता, घटनेच्या वेळचं तापमान. "अडतीस लिहा," तो म्हणाला. "पेटी बंद आहे. कोण विचारतंय?" त्याच संध्याकाळी रोलरवाल्याची बायको आली. "भाऊजी, बेचाळीसच्या वर लिहिलंत तर उन्हाने गेले असं धरतील, मला काहीतरी मिळेल. नाहीतर हृदयविकार म्हणून मोकळे होतील."

मी कागद घेऊन दादाकडे गेलो. तो ओसरीत वर्तमानपत्र वाचत होता. म्हटलं, "दादा, त्या दिवशी किती असेल?"

"मी पाहिलं नाही."

"अंदाजे सांग. एकतीस वर्षं तू पारा बघितलास."

"न पाहिलेला आकडा मी एकदाच लिहिला," तो म्हणाला. "अकरा दिवस पारा कधी बरोबर पूर्णावर, कधी बरोबर अर्ध्यावर थांबतो होय रे? लिहितानाच कळलं होतं मला."

"मग लिहिलंस कशाला?"

"तिला पोचवून आलो होतो. त्याच आठवड्यात भावालाही खोटं ठरवायचं, एवढं बळ नव्हतं अंगात." त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. "या कागदावर सही कुणाची व्हायची आहे?"

"माझी."



मी रकान्यात रेघ मारली. खाली लिहिलं, तापमान पाहिलेलं नाही. त्याखाली त्या अकरा दिवसांचंही खरं काय ते लिहून सही केली. तो कागद कुठल्या कपाटात गेला, कोण जाणे. ठेकेदाराने मला कामावरून काढलं. नोंद हृदयविकाराची झाली. माझा कबुलीजबाब वाचून पेटीचं कुलूप कुणी उघडलं नाही.

रोलरवाल्याची बायको परवा रस्त्यात भेटली. भांडली नाही, आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तर तिथेच उभे होतात. किती तापलं होतं, ते तुम्हालाही माहीत नव्हतं?"