आर्मरेस्टवरचं दुपटं

गाडीत मागे बसलं की मला आईचा डावा हात दिसतो. कॅन्सरच्या ऑपरेशननंतर तो सुजला आणि दाराचा प्लॅस्टिकचा आर्मरेस्ट तिला टोचू लागला. मग बाबांनी त्यावर उशीतला स्पंज ठेवला, माझं लहानपणीचं दुपटं गुंडाळलं आणि परकराच्या नाडीने घट्ट बांधलं.

"अहो, गाडीचं बाळंतपण काढलंत की!" आई तेव्हा हसली होती.

सूज वाढली तशी बाबा दुपट्याखाली एकेक जुना टॉवेल घालत गेले. दुखणं त्यांच्या हातात नव्हतं, आर्मरेस्ट होता. ज्याचं काहीच करता येत नाही, त्याच्या शेजारचं काहीतरी माणूस नीट करत बसतो, असं मला मागून बघताना वाटायचं.

आज डॉक्टरांनी उपचार थांबवले. आता घरीच ठेवा, म्हणाले. पार्किंगमध्ये आई सीटवर बसली, आणि बाबा तिच्या दाराशी वाकून सैल झालेली नाडी सोडवू लागले.

"अहो, आता कशाला? परत थोडंच यायचंय इथे?"

बाबांनी मान वर केली नाही.

"घरापर्यंत तरी," ते म्हणाले. मग त्यांनी गाठ मारली आणि तिचा हात उचलून दुपट्यावर ठेवला.